लाईट येते, वाय-फाय येतं, नेट मात्र येत नाही

नागपुरात एप्रिल लागला की ही तक्रार सुरू होते: ‘भाऊ, लाईट आली, वाय-फाय तं दिसून राहिलं, पण नेट काही चालत नाही.’ मग घरातलं कुणीतरी उठतं, सगळे डबे बंद करतं, थोडं थांबून चालू करतं आणि नेट येतं. पुढच्या वेळी लाईट गेली की परत तेच.

बंद-चालू केल्याने नेट येतं हे खरं आहे. पण बिघाड नेमका कुठे होता, त्याचा पुरावाही त्यासरशी पुसला जातो. दिवे बदलतात, फोनला नवा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या जाळ्यातला ओळख क्रमांक, मिळतो, लॉगिन नव्याने होतं. म्हणून पुढच्या वेळी स्विचला हात लावण्याआधी दोन मिनिटं फक्त बघा. काय बघायचं ते खाली लिहितो.

हे सगळं दोन डबे असलेल्या घरांसाठी आहे. एक कंपनीने बसवून दिलेला, ज्यात फायबरची पातळ वायर शिरते. कागदोपत्री त्याला ओएनटी म्हणतात, घरोघरी मोडेम म्हणतात. मीही मोडेमच म्हणेन. दुसरा तुम्ही सीताबर्डीवरून किंवा ऑनलाईन आणलेला राउटर, आतल्या खोल्यांत रेंज पोचावी म्हणून लावलेला. घरात एकच डबा असेल तर दोन डब्यांच्या भांडणाचा भाग सोडा, बाकीचं लागू आहे.

आधी दिवे

मोडेमवर ‘पॉन’ (PON) आणि ‘लॉस’ (LOS) असे दोन दिवे शोधा. पॉन स्थिर हिरवा आणि लॉस विझलेला, म्हणजे बाहेरून प्रकाश नीट येतोय. लॉस लाल होऊन लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाही, आणि अशा वेळी तुमच्या राउटरची सेटिंग कितीही उलटीपालटी केली तरी काही होणार नाही. थेट शेवटच्या भागाकडे जा.

पॉन स्थिर आहे पण इंटरनेटचा दिवा विझलेला किंवा लाल, तर लाईन ठीक आहे, लॉगिन अडलंय. (मोडेम ब्रिज मोडमध्ये असेल, म्हणजे लॉगिनचं काम राउटरवर सोडलेलं असेल, तर त्याच्यावरचा इंटरनेटचा दिवा तसाही लागत नाही; तेव्हा राउटरवरचा दिवा बघा.) सगळे दिवे जागच्या जागी आहेत आणि तरी फोनवर काही उघडत नाही, तर भानगड घरातलीच आहे. लाईट जाऊन आल्यावरच्या तक्रारींत मला हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो, आणि लोक कंपनीला शिव्या घालत बसतात.

आता फोन हातात घ्या. वाय-फायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर दाबलं की तपशील दिसतो. त्यातले दोन आकडे कागदावर लिहून घ्या: फोनचा आयपी पत्ता आणि गेटवे, म्हणजे ज्या डब्यातून फोन बाहेर जातो त्याचा पत्ता. आयफोनवर गेटवेच्या जागी ‘राउटर’ लिहिलेलं असतं. नेट नीट चालू असतानाही हेच दोन आकडे एकदा लिहून ठेवा. चांगल्या दिवसाचा गेटवे आणि वाईट दिवसाचा गेटवे वेगळे निघाले, तर अर्धा शोध तिथेच संपला. का, ते पुढे.

लॅपटॉप असेल तर कमांड प्रॉम्प्टवर आधी गेटवेला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे तो पत्ता टाका आणि उत्तर येतं का बघा, मग 8.8.8.8 ला. गेटवेकडून उत्तर नाही म्हणजे लॅपटॉप ते राउटर एवढ्यातच अडलंय. गेटवे बोलतो पण 8.8.8.8 नाही, तर अडचण राउटरच्या पलीकडे आहे. दोन्ही बोलतात आणि वेबसाईट मात्र नावाने उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय, बिघडलंय. राउटरमध्ये डीएनएस म्हणून 8.8.8.8 आणि 1.1.1.1 टाका, विषय संपला. आणि आयपी पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला कुणी पत्ता दिलेलाच नाही. त्याने स्वतःच एक लावून घेतलाय.

एका घरात दोन कारभारी

आता मूळ दुखणं. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला पत्ता वाटण्याचं काम डीएचसीपी करतं. हे काम मोडेमही करू शकतो आणि राउटरही. कारखान्यातून येताना दोघांतही ते चालू असतं. आता होतं काय, राउटर लावायला आलेला माणूस घाईत असतो. मोडेममधून आलेली लॅन केबल तो राउटरच्या वॅन पोर्टऐवजी, म्हणजे वेगळ्या रंगाच्या त्या एकट्या पोर्टऐवजी, उरलेल्या चारांपैकी एकात खुपसतो. फोनवर यूट्यूब चालतं, तो पैसे घेऊन निघून जातो.

अशा जोडणीत दोन्ही डबे एकाच जाळ्यात पत्ते वाटत बसतात. फोनने ‘मला पत्ता द्या’ म्हटलं की ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं तो ऐकतो. मोडेमने पत्ता दिला तर गेटवे मोडेमचा मिळतो आणि नेट चालतं. राउटरने दिला तर गेटवे राउटरचा मिळतो, आणि राउटरच्या वॅन पोर्टला तर काहीच जोडलेलं नाही. फोन सगळी मागणी राउटरकडे नेऊन टाकतो आणि राउटरकडे ती पुढे पाठवायला रस्ताच नसतो. वाय-फायची रेंज पूर्ण, नेट शून्य.

लाईट गेल्यावरच हे का उफाळतं, तेही यातच आहे. लाईट आली की राउटर साधारण मिनिटभरात उभा राहतो. मोडेमला फायबरवरून ओळख पटवून तयार व्हायला त्याहून वेळ लागतो. तेवढ्या वेळात घरातल्या सगळ्या फोनांनी राउटरकडून पत्ते घेऊन टाकलेले असतात. आणि हा पत्ता मुदतीचा असतो, बऱ्याच राउटरांत काही तासांचा ते दिवसभराचा. ती मुदत संपेपर्यंत फोन तोच धरून बसतो. म्हणूनच एका खोलीत बाबांचा फोन चालतो आणि शेजारी आईचा चालत नाही, असा विचित्र प्रकार होतो. एखाद्याने फोनचं वाय-फाय बंद-चालू केलं की कधी चालतं, कधी नाही. हे दिसलं की राउटर खराब झाला म्हणून नवा आणू नका. नवाही असाच वागेल.

उपाय दोन आहेत, आणि दोन्ही एकदम करायचे नाहीत.

पहिला, आणि बहुतेक घरांना पुरेसा: राउटरला ॲक्सेस पॉइंट करून टाका. हल्लीच्या राउटरांत ऑपरेशन मोड म्हणून पर्याय असतो, त्यात ॲक्सेस पॉइंट निवडलं की पत्ते वाटायचं काम तो सोडून देतो आणि फक्त रेंज पुरवतो. पर्याय नसेल तर हाताने करा. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, मोडेमची केबल तेवढ्यापुरती काढा, राउटरच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकला की ते उघडतं) जाऊन त्याचा स्वतःचा लॅन पत्ता मोडेमच्याच मालिकेतला पण वेगळा द्या. म्हणजे मोडेम 192.168.1.1 असेल तर राउटरला 192.168.1.2. मोडेमचं डीएचसीपी ज्या पत्त्यांपासून वाटायला सुरुवात करतं त्यात हा 2 येत नाही ना, ते मोडेमच्या पानावर बघून घ्या. येत असेल तर वाटप 10 पासून सुरू करा. मग राउटरचं डीएचसीपी बंद करा, सेव्ह करा, आणि मोडेमची केबल चारांपैकी एका लॅन पोर्टात लावा. क्रम महत्त्वाचा आहे. डीएचसीपी आधी बंद केलं आणि पत्ता बदलायचा राहिला, तर पुढे राउटरचं पान उघडायला लॅपटॉपला पत्ता हाताने भरावा लागतो, आणि घरोघरी तिथेच काम अडतं.

दुसरा उपाय राउटरकडून राउटरचंच काम करून घ्यायचं असेल तर: मुलांच्या फोनला वेळेची बंदी, पाहुण्यांचं वेगळं वाय-फाय वगैरे. तेव्हा केबल वॅन पोर्टातच लावा, वॅनचा प्रकार डायनॅमिक आयपी ठेवा, आणि राउटरचा लॅन पत्ता मोडेमपेक्षा वेगळ्या मालिकेत न्या, समजा 192.168.50.1. दोघांची मालिका एकच राहिली तर राउटरला कळत नाही की 192.168.1.5 हा घरातला की बाहेरचा. काही राउटर हे ओळखून आपली मालिका आपणच बदलतात, काही ढिम्म बसतात. स्वतः बदललेली बरी. मोडेमचं वाय-फाय यात बंद करून टाका, नाहीतर फोन कधी या डब्याला चिकटतील, कधी त्या.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता 10, 192.168 किंवा 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला दिसला तर घाबरू नका. पहिल्या दोन मालिका खाजगी जाळ्यांसाठी राखलेल्या आहेत, तिसरी 2012 पासून कंपन्यांना एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्यासाठी दिलेली आहे. नेट चालायला याने काही अडत नाही. फक्त घरचा सीसीटीव्ही बाहेरून बघण्यासाठी पोर्ट फॉरवर्ड करायला गेलात तर नुसत्या राउटरवर करून ते चालणार नाही.

लॉगिन अडतं तेव्हा

काही लोकल केबलवाल्यांकडे आणि काही कंपन्यांकडे पीपीपीओई असतं, म्हणजे राउटर युजरनेम-पासवर्ड देऊन आत शिरतो. यात लाईट गेल्यावर वेगळंच होतं. वीज अचानक गेली की राउटरला ‘मी चाललो’ म्हणायची सवड मिळत नाही. कंपनीच्या सर्व्हरच्या हिशेबी तुम्ही अजून आतच असता. लाईट लगेच परत आली, राउटर पुन्हा लॉगिन करायला गेला, तर सर्व्हर म्हणतो, या नावाचा माणूस आधीच आत आहे. काही वेळाने ते जुनं सत्र आपोआप मरतं आणि मग नेट येतं. म्हणून इथे दर मिनिटाला बंद-चालू करणं उलट अंगाशी येतं. राउटर पाच-दहा मिनिटं बंद ठेवा आणि एकदाच चालू करा.

राउटरच्या वॅन सेटिंगच्या पानावर कनेक्शन मोड बघा. तिथे ‘मॅन्युअल’ किंवा ‘ऑन डिमांड’ असेल तर ‘ऑटो’ करा. एवढ्या एका कारणाने लाईट आल्यावर नेट न येणारी घरं आहेत. तिथलाच एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या पुडक्याचा कमाल आकार, 1492 असावा. इथरनेटच्या 1500 बाइटांतले 8 पीपीपीओई स्वतःसाठी घेतं. हा आकडा चुकला की काही साईट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात. नवा राउटर लावल्यावर लॉगिन अजिबातच होत नसेल, तर कंपनीने जुन्या राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, बांधून ठेवलेला असू शकतो. फोन करून सोडवून घ्या किंवा राउटरमधलं मॅक क्लोन वापरा.

आणि कृपा करून कंपनीच्या मोडेमचं ते सुईच्या भोकातलं रिसेट बटण दाबू नका. बंद-चालू वेगळं, रिसेट वेगळं. मोडेममध्ये व्हीलॅन (कंपनीच्या जाळ्यातला तुमचा मार्ग क्रमांक) आणि लाईनची ओळख साठवलेली असते, ती गेली की कंपनीचा माणूस येईपर्यंत घर कोरडं. तुमच्या स्वतःच्या राउटरचं रिसेट दाबायचं असेल तरी आधी पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड हातात आहे ना, ते बघा. ‘केबलवाल्याच्या व्हॉट्सॲपवर आहे’ हे नेट नसताना कामाचं नाही.

नागपूरचा उन्हाळा

नेट लाईट न जाताही दुपारी एक ते पाचच्या दरम्यान तुटत असेल आणि रात्री ठणठणीत चालत असेल, तर सेटिंग सोडा, उष्णतेकडे बघा. घरगुती राउटर बहुतेक 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर पारा 45 च्या पुढेही जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेल्या, वर कुणीतरी क्रोशाचा रुमाल टाकलेल्या राउटरच्या पोटात काय असेल याचा विचार करा. शोकेसच्या काचेमागे तर विचारूच नका. राउटर बाहेर काढा, आतल्या भिंतीला उभा टांगा, जाळीची छिद्रं मोकळी ठेवा. खात्री करायची असेल तर भर दुपारी टेबल फॅन त्याच्याकडे वळवा. तुटणं थांबलं तर निदान झालं.

कूलरच्या हवेत मात्र ठेवू नका, ती ओली असते. आणि कूलरचा आणखी एक त्रास आहे. मार्चपर्यंत बेडरूममध्ये उत्तम रेंज होती, एप्रिलमध्ये गेली, असं सांगणाऱ्याच्या घरी आधी विचारायचं की कूलर कुठे लावला. पत्र्याची पेटी वाय-फायच्या लहरी परतवते आणि टाकीतलं पाणी त्या शोषून घेतं. राउटर आणि बेडरूमच्या मधोमध असा कूलर उभा राहिला की 5 गिगाहर्ट्झचा पट्टा आधी मार खातो. राउटर फूट-दोन फूट सरकवून वर टांगला तरी फरक पडतो. कूलर आणि राउटर एकाच ढिल्या एक्स्टेंशन बोर्डवर असतील तर मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज खाली येतं आणि राउटर नव्याने सुरू होतो. बोर्ड वेगळे करा.

इथे ॲडॅप्टरचाही संशय घ्या. राउटरसोबत आलेला ॲडॅप्टर दोन-तीन उन्हाळे पाहिल्यावर थकतो. दिवे लागतात, मल्टिमीटर 12 व्होल्टही दाखवतो, कारण तेव्हा त्याच्यावर भार नसतो. पण घरातले सगळे एकदम बसले की व्होल्टेज पडतं आणि राउटर मरून पुन्हा उठतो. नवा घेताना व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढाच किंवा जास्त चालतो, आणि पिनेच्या धन-ऋणाची खूण जुन्याशी जुळवून घ्या. मोडेम 12 व्होल्टचा आणि राउटर 9 चा असेल तर दोन्ही ॲडॅप्टरांवर मार्करने नावं लिहा. सफाईच्या दिवशी ते हमखास बदलतात.

लाईट गेल्याचा त्रास मुळातूनच घालवायचा असेल तर दोन्ही डब्यांच्या व्होल्टशी जुळणारा छोटा राउटर यूपीएस घ्या. मोडेम आणि राउटर दोघांनाही त्यावर घ्यायला हवं. नुसता राउटर चालू ठेवला तर वर सांगितलेला तमाशाच होतो. घरी इन्व्हर्टर असूनही लाईट जाताना राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागे बघा. बऱ्याच इन्व्हर्टरांवर यूपीएस मोडचा स्विच असतो. तो लावला की बॅटरीवर जाताना पडणारा खंड कमी वेळाचा होतो आणि राउटर तेवढा धक्का सोसतो.

फ्लॅट स्कीममध्ये राहत असाल तर 2.4 गिगाहर्ट्झवर चॅनल ‘ऑटो’वर सोडू नका; 1, 6 आणि 11 हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, त्यातला जिथे शेजाऱ्यांची गर्दी कमी तो घ्या. आणि 200 एमबीपीएसचा प्लॅन असून केबलवर स्पीड कायम 94-95 वरच अडत असेल, तर लॅन केबलची एखादी जोडी तुटलीय किंवा पोर्टच 100 चं आहे.

लॉस लाल असेल तर

घरातलं एवढंच बघा: मोडेममागची वायर सोफ्याखाली चेपलेली, खिडकीच्या फटीत दाबलेली किंवा खिळ्यावर काटकोनात वळलेली तर नाही ना. फायबर आत काचेची असते, तिला गोलाईत वळवावं लागतं. कनेक्टर काढून त्यात डोकावून बघू नका. मोडेमकडे येणारा प्रकाश 1490 नॅनोमीटरचा असतो, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं नाही. हिरवा कनेक्टर निळ्याला जोडायचा नसतो, हिरव्याचं टोक 8 अंशांत तिरकं घासलेलं असतं.

यूपीएसवर मोडेम चालू असताना, वस्तीतली लाईट गेल्याबरोबर लॉस लाल होत असेल आणि लाईट आल्यावर पॉन आपोआप पुन्हा हिरवा होत असेल, तर केबलवाल्याच्या गल्लीतल्या डब्याला बॅकअप नाही. वाटेतल्या स्प्लिटरला, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला, वीज लागत नाही, पण त्याच्या मागच्या यंत्राला लागते. हे त्याला तोंडावर सांगा. मेअखेरच्या वादळात झाडावरून नेलेली वायर ताणली जाणं, सिमेंट रोडच्या किंवा नालीच्या खोदकामात ती तुटणं हे त्याच्याच अंगणातलं.

मोडेमच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ (Rx Power), म्हणजे मोडेमपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, असा आकडा असतो. तो उणे असतो. उणे 18 ते उणे 23 च्या आसपास ठीक. उणे 27 च्या पलीकडे गेला की लाईन कधीही तुटू शकते. उणे 28 हा उणे 20 पेक्षा वाईट, हे लक्षात असू द्या. पाऊस पडला की हा आकडा घसरत असेल तर कुठल्या तरी जॉइंटमध्ये पाणी शिरतंय.

तक्रार करताना ‘नेट बंद आहे’ म्हणाल तर पलीकडचा माणूस तुम्हाला मोडेम बंद-चालू करायला सांगून फोन ठेवेल. ‘लॉस लाल आहे, सकाळी आरएक्स पॉवर उणे 28 होती, घरातली वायर तपासली’ असं म्हणा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. पॉन हिरवा असताना तुटत असेल तर ती वेळ आणि फोनचे ते दोन आकडे सांगा. ‘सोडवली’ असा मेसेज आला आणि लाईन तशीच असेल, तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2012 च्या नियमांप्रमाणे कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अपील करता येतं. त्याला शुल्क नाही, डॉकेट नंबर मात्र लागतो.